चित्रसंस्काराचें शिक्षण : मांडवांत कीं मागावर ?

लग्नसराईच्या दिवसांत सोलापुरांतील एखाद्या छापखान्यांत जाऊन उभें राहिलें, तर एकाच टेबलाशीं चार भाषा ऐकूं येतात. पडद्यावर मराठी पत्रिकेचा मजकूर जुळत असतो. शेजारीं तेलुगु पत्रिकेचें मुद्रित तपासण्यासाठीं कोणी पद्मशाली गृहस्थ चष्मा पुशीत बसलेले असतात. अक्कलकोटकडील एखाद्या कुटुंबास एका बाजूस कन्नड व दुसऱ्या बाजूस मराठी हवें असतें. आणि निकाहाची उर्दू पत्रिका तर उजवीकडून डावीकडे लावावयाची असते. हें सर्व काम बहुधा एकच तरुण करीत असतो. त्याला हें कोणीं शिकविलें असें विचारावें, तर "बघून बघून शिकलों" हें उत्तर ठरलेलें.

या बघून शिकण्याविषयीं आम्हांस तुच्छता वाटत नाहीं. आपल्याकडील बहुतेक कारागिरी तशीच टिकली आहे. परंतु ज्याच्याकडे बघावयाचें तोही बघूनच शिकलेला असला, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या हातीं वारसाहक्कानें जाते. पत्रिकेवर वधूवरांचें छायाचित्र धूसर उमटतें. तें कां, हें दुकानांतील तिघांपैकीं एकालाही सांगतां येत नाहीं. चार इंच रुंद व सहा इंच लांब छायाचित्र नीट छापावयाचें तर इंचास ३०० टिंबें या मानानें १२०० व १८०० टिंबें लागतात, आणि मोबाइलवरून चार ठिकाणीं फिरून आलेल्या चित्रांत तेवढीं उरलेलीं नसतात, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. तो एकदां कळला कीं जन्मभर पुरतो. पण तो सांगावयास कोणी भेटत नाहीं.

हा प्रश्न केवळ दुकानदारांचा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. आज सुशिक्षित घरांतील मुलेंमुली या कामाकडे वळत आहेत. घर सांभाळून चार पैसे मिळवूं इच्छिणाऱ्या सुनांसही हें काम सोयीचें वाटतें. त्यांच्यापुढें शिक्षणवर्गांच्या, कार्यशाळांच्या, परिषदांच्या जाहिराती येतात. पुण्यामुंबईस दोन दिवसांची परिषद, नामांकित तज्ज्ञ, जेवणाची सोय, शेवटीं प्रशस्तिपत्रक. आणि शुल्क असें कीं घरांतील वडील मंडळींनीं दोनदां विचार करावा. पैसे देणाऱ्यानें काय पाहून द्यावे, आणि शिकणाऱ्यानें तेथून काय घेऊन परत यावें, याचा विचार कोणी केलेला दिसत नाहीं.

या परिषदांचें मूळ रूप अमेरिकेंतील आहे. फोटोशॉप करणाऱ्या ॲडोबी कंपनीचें 'मॅक्स' नांवाचें वार्षिक संमेलन यांत सर्वांत मोठें. तेथें प्रत्यक्ष जाऊन बसावयाचें तर प्रवेशशुल्कच हजार डॉलरांहून अधिक पडतें. २०२० च्या ऑक्टोबरांत साथीमुळें तें प्रथमच घरबसल्या व विनामूल्य पाहावयास मिळालें. ज्यांनीं तें पाहिलें त्यांस त्याचा घाट ठाऊक आहे. विशाल व्यासपीठ, मागें राक्षसी पडदा, आणि एक निष्णात मनुष्य बोटाच्या हालचालीसरशीं चित्रांतील मेघ हटवितो, पर्वत सरकवितो, निर्जन किनाऱ्यावर सूर्यास्त आणतो. प्रेक्षक थक्क होतात, टाळ्या वाजवितात. कंपनीच्या दृष्टीनें हेतु सफळ झाला, कारण नवीन आवृत्तीची ती जाहिरातच असते. परंतु टाळ्या वाजवून घरीं परतलेल्याचा हात होता तेथेंच असतो. दुसऱ्या दिवशीं दुकान उघडल्यावर त्याच्यापुढें मेघ व पर्वत नसतात. कोणाचें तरी ओल लागलेलें, कोपरा उडालेलें, पन्नास वर्षांपूर्वींचें छायाचित्र असतें.

आपल्याकडे या परिषदांची नक्कल लवकर रुजली याचें कारण आपला संमेलनप्रिय स्वभाव होय. न्यायमूर्ति रानड्यांच्या प्रेरणेनें पुण्यास १८७५ सालीं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, १८७८ सालीं ग्रंथकारांचें पहिलें संमेलन भरलें. तेव्हांपासून कोणतीही विद्या वाढवावयाची म्हटली कीं मांडव घालावा, अध्यक्ष निवडावा आणि भाषणें करावीं, असें आमच्या अंगवळणीं पडलें. सोलापुरानें तर मराठी साहित्य संमेलनाचें आतिथ्य दोनदां केलें आहे. १९४१ सालीं वि. स. खांडेकर अध्यक्ष होते, २००६ सालीं याच नगरीचे सुपुत्र मारुति चितमपल्ली. साहित्याला मांडव शोभतो. विचार ऐकून समजतात, आणि लेखक डोळ्यांनीं पाहण्यांतही एक आनंद असतो. परंतु स्वयंपाकावर व्याख्यान ऐकून कोणाची पोळी फुगलेली आमच्या ऐकिवांत नाहीं. चित्रांवर संस्कार करण्याचें काम पोळीच्या जातीचें आहे.

दादासाहेब फाळके यांचें उदाहरण येथें आठवतें. बडोद्याच्या कलाभवनांत त्यांनीं छायाचित्रणाचे व छपाईचे प्रकार स्वतःच्या हातानें करून पाहिले होते, आणि पुढें ठसे करण्याच्या व छपाईच्या धंद्यांत कित्येक वर्षें काढिलीं होतीं. १९१२ च्या आरंभीं ते लंडनला गेले तेव्हां 'बायस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनीं त्यांची हेपवर्थ यांच्याशीं गांठ घालून दिली, आणि त्या उदार गृहस्थानें आपल्या चित्रशाळेचे सर्व विभाग त्यांस मोकळेपणीं पाहूं दिले. मुक्काम थोड्याच दिवसांचा. परंतु पाहणारा हात मुरलेला होता, आणि जें पाहिलें तें चालू काम होतें, दाखविण्यासाठीं मांडलेला देखावा नव्हे. परत येतांच त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून तिची चित्रफीत केली; १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. आधीं सराव, मग थोडें पण नेमकें दर्शन, आणि लगेच पुन्हां स्वतःचा प्रयोग, असा तो क्रम होता. हल्लींच्या परिषदांत मधला भाग तेवढा राहिला आहे, आणि तोही दुरून.

सोलापुरास ही शिकवण परक्यांकडून घेण्याची खरें पाहतां गरज नाहीं. ज्या गांवानें नक्षीची चादर विणली त्याला टिंबाटिंबानें चित्र रचण्याची विद्या संगणकापूर्वींच अवगत होती. चादरीवरील मोर किंवा कमळ प्रथम चौकटींच्या कागदावर उतरतें. आडव्या चौकटी ताण्याचे धागे मोजतात, उभ्या चौकटी बाण्याचे. जेथें रंग भरला तेथें धागा उचलला जावयाचा, जेथें कोरी तेथें खालीं राहावयाचा. मग एकेक ओळ वाचून जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोंकें पाडतात, पत्ते दोरीनें एकमेकांस जोडतात, आणि ती माळ जॅकार्डवर चढते. ४०० हूकांचा जॅकार्ड असला तर नक्षीचा एक फेर चारशें धाग्यांच्या आंत बसविला पाहिजे. फेर संपला तेथें दुसऱ्याचा आरंभ बेमालूम जुळला पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर ज्यास 'पिक्सेल' म्हणतात, तो हाच चौकट-कागद, फक्त चौकटी बारीक व रंग पुष्कळ.

ही तुलना अलंकार म्हणून केलेली नाहीं. फ्रान्समधील ल्यों नगरांत जोझेफ मारी जॅकार्ड यानें १८०४ च्या सुमारास हा माग सिद्ध केला; १८३९ सालीं त्याच नगरांत त्याची तसबीर रेशमांत विणण्यांत आली, आणि तिला सुमारें २४,००० पत्ते लागले. गणितयंत्राचा विचार करणारे चार्ल्स बॅबेज यांनीं ती तसबीर मिळवून आपल्या दिवाणखान्यांत लाविली होती, आणि भोंकांच्या पत्त्यांनीं यंत्रास आज्ञा देण्याची कल्पना त्यांनीं मागावरूनच उचलली. म्हणजे संगणकाच्या वंशावळींत माग हा आजोबांच्या जागीं आहे, आणि त्या घराण्याची एक शाखा सोलापुरांत नांदत आहे.

आतां तर दोन्ही शाखा प्रत्यक्ष एकत्र आल्या आहेत. विजेच्या जॅकार्डवर पुठ्ठ्याचे पत्ते लागत नाहींत; संगणकावर केलेली नक्षी थेट मागास देतां येते. परंतु छायाचित्रांत रंगांच्या एक कोटी सदुसष्ट लाख छटा असूं शकतात, आणि मागावर बाण्याचे रंग असतात दोन-चार. महापुरुषाची तसबीर भिंतीवर लावावयाच्या पट्टींत विणावयाची तर गालावरची सावली कोणत्या विणीनें दाखवावी, मिशीची कड किती धाग्यांची ठेवावी, हें ठरविणाऱ्यास चित्रही कळलें पाहिजे आणि मागही. संगणक जाणणाऱ्या पोरास माग ठाऊक नसतो, आणि चौकट-कागदावर आयुष्य काढलेल्या नक्षीकारास माऊस धरावयास संकोच वाटतो. दोघे एका शहरांत, कित्येकदां एकाच पेठेंत राहतात. त्यांस एका टेबलाशीं बसवील तें खरें संमेलन, असें आम्हांस वाटतें.

असा प्रयत्न जगांत अगदीं झालाच नाहीं असें नव्हे. जिम्प, इंकस्केप यांसारखे चित्रांचे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. जिम्पचा आरंभ १९९५ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनीं केला. हे प्रोग्राम रचणारे व वापरणारे यांची 'लिबर ग्राफिक्स मीटिंग' ही परिषद २००६ सालीं प्रथम भरली, आणि योगायोग असा कीं ती भरली त्या जॅकार्डच्या ल्यों नगरांतच. तेथें वापरणारा चित्रकार रचणाऱ्याच्या शेजारीं बसून "ही खिडकी माझ्या कामांत आडवी येते" असें सांगूं शकतो. विक्रेता व गिऱ्हाईक या नात्यांत हें होत नाहीं.

याहून जवळचें उदाहरण आपल्या मुंबईच्या आय. आय. टी. चें आहे. तेथें प्रा. कण्णन मौद्गल्य यांनीं केंद्र सरकारच्या साहाय्यानें 'स्पोकन ट्युटोरियल' नांवाचा उपक्रम चालविला. सुमारें दहा दहा मिनिटांचे पाठ. जिम्प व इंकस्केपचेही आहेत. आणि त्यांचें निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत करण्यांत आलें. यांतील आम्हांस आवडलेली युक्ति ही : पडद्याच्या अर्ध्या भागांत पाठ चालतो, उरलेल्या अर्ध्यांत शिकणारा तीच कृति स्वतः करतो. पाठ थांबवितां येतो, मागें नेतां येतो. महाविद्यालयांत याचे वर्ग भरवावयास तज्ज्ञ शिक्षकही लागत नाहीं; व्यवस्था पाहणारा एक मनुष्य पुरतो. व्यासपीठावरील जादूगार वगळून केवढें काम होऊं शकतें याचा हा पुरावा आहे. त्यांत उणीव एकच, कीं पाठांतील चित्र सर्वांस एकच असतें. आपल्या गिऱ्हाइकाचें चित्र घेऊन बसलें कीं निराळ्याच अडचणी निघतात, आणि त्या सोडविण्यास शेजारीं जाणता मनुष्य लागतो.

लिपीची अडचण तर परदेशी परिषदेंत कोणाच्या स्वप्नांतही येणार नाहीं. रोमन अक्षरें एकामागून एक ठेवीत गेलें कीं शब्द होतो. देवनागरीचें तसें नाहीं. ऱ्हस्व वेलांटी उच्चारांत मागून येते पण लिहितांना आधीं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. फोटोशॉपच्या कित्येक आवृत्तींत दक्षिण आशियाच्या लिप्यांसाठीं असलेली जुळणी मुद्दाम निवडून ठेवावी लागे. ती निवडली नाहीं कीं 'विवाह' शब्दांतील वेलांटी 'व' सोडून भलतीकडे जाऊन बसते, आणि 'सर्वांनीं' मधील रफार पाय मोडलेला 'र्' होऊन उभा राहतो. रस्त्यावरील फलकांत अशीं अपंग अक्षरें आपण नेहमीं पाहतों व हंसतों. पण तो दोष त्या पोराच्या व्याकरणाचा नसून एका न दाबलेल्या कळीचा असतो. पुन्हां जुन्या पद्धतीच्या मराठी टंकांत अक्षरांचे संकेत ज्याचे त्याचे निराळे असल्यामुळें एका दुकानांत जुळविलेला मजकूर दुसऱ्या दुकानांत उघडला कीं निरर्थक चिन्हांची रांग दिसते. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें होतें, तरीही जुन्या टंकांची संवय अद्याप पुरती गेलेली नाहीं. या एका विषयावर दोन तास बसून प्रत्येकानें स्वतःचीच एक जुनी पत्रिका युनिकोडमध्यें फिरवून घेतली, तर आमच्या मतें सूर्यास्ताच्या दहा प्रयोगांहून अधिक लाभ पदरांत पडेल. शेजारीं तेलुगु व कन्नड जाणणारा एकेक मदतनीस असला, तर सोलापुराचें काम पूर्ण झालें.

कोणी म्हणेल कीं कळी दरवर्षीं बदलतात, शिकून उपयोग काय? बदलतात हें खरें. आणि म्हणूनच कळी पाठ करविणारे वर्ग फुकट जातात. परंतु तळाशीं असलेल्या गोष्टी हट्टानें तशाच राहिल्या आहेत. फोटोशॉप १९९० सालीं बाजारांत आलें. १९९४ च्या आवृत्तींत त्यांत 'लेयर' म्हणजे थर आले. ते आजतागायत मुख्य आहेत. ज्याला जुन्या शिळाछापाच्या रंगीत तसबिरी कशा होत हें माहीत आहे त्याला थर समजावून सांगावे लागत नाहींत. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, एकावर एक ठसा, आणि एक दगड बिघडला तर तेवढाच बदलावयाचा. प्रकाश-छाया, प्रमाण, टिंबांचा हिशेब, पडद्यावरचा रंग व शाईचा रंग यांतील भेद, या गोष्टी ज्याच्या पक्क्या झाल्या तो कोणत्याही आवृत्तीवर आठ दिवसांत हात बसवितो. शिवाय २०१३ पासून ॲडोबीनें नव्या आवृत्ति कायमच्या विकण्याऐवजीं भाड्यानें देण्याचें धोरण धरिलें. भाडें थकलें कीं हत्यार हातांतून जातें. तेव्हां एकाच कंपनीच्या हत्यारावर सर्व शिक्षण उभारणें शहाणपणाचें नव्हे. आरंभ विनामूल्य प्रोग्रामवर करून ज्याला धंद्यासाठीं पुढें दुसरें घ्यावयाचें त्यानें घ्यावें.

आणखी एक गोष्ट शिकविली पाहिजे, तिचा उल्लेख कोणत्याही परिषदेच्या पत्रकांत आम्हीं पाहिलेला नाहीं. ती म्हणजे हात कोठें आवरावा. आमच्या परिचयांतील एका घरीं आजींचें एकुलतें एक छायाचित्र होतें. डाग पडलेले, नथीच्या जागीं कांच चिकटून कागदाचा टवका गेलेला. एका दुकानांतून तें दुरुस्त होऊन आलें. आजी गोऱ्या झाल्या होत्या, गालावरचा देवीचा व्रण नाहींसा झाला होता, आणि नथ होती पण ती आजींची नव्हती. मुलांनीं तें देवघराशेजारीं लावलें. आजींच्या धाकट्या बहिणीनें मात्र कितीतरी वेळ पाहून "ही कोण?" असें विचारलें. २०२३ पासून फोटोशॉपमध्यें कृत्रिम बुद्धीनें रिकामी जागा भरून देण्याची सोय आली आहे, आणि असें बहुरूपी चित्र करणें आतां क्षणाचें काम झालें आहे. यंत्र नथ भरून देतें. पण ती कोठल्या तरी अनोळखी नथींच्या सरासरीची असते. दुरुस्त करणाऱ्यानें घरच्यांस विचारावें, दुसऱ्या छायाचित्रांत ती नथ सांपडते का पाहावें, न सांपडल्यास जागा साधी ठेवावी, आणि मूळ प्रत न पुसतां तशीच जपून ठेवावी, हे धडे माऊसच्या धड्यांइतकेच आवश्यक आहेत. ज्यांच्या घरीं जुन्या पेट्या आहेत त्यांस याचें महत्त्व सांगावयास नको.

तेव्हां आमच्या मनांतील सोलापुरचें संमेलन असें आहे. हुतात्मा स्मृति मंदिरासारखें मोठें सभागृह त्यास नको. एखाद्या महाविद्यालयाचा संगणकवर्ग पुरे. चाळीस माणसें, आठ टेबलें. प्रत्येक टेबलाशीं एक छायाचित्रकार, एक पत्रिका जुळविणारा, एक नक्षीकार, आणि उरलेलीं घरून आलेलीं शिकाऊ मंडळी. येतांना प्रत्येकानें स्वतःचें अडलेलें काम आणावें. शिक्षकास एकच नियम : शिकणाऱ्याच्या हातांतला माऊस त्यानें घ्यावयाचा नाहीं. हा नियम दिसतो त्याहून फार कठीण आहे; ज्याला काम येतें त्याला दुसऱ्याचें चुकतांना पाहवत नाहीं. भाषण हवेंच असेल तर दिवसास एक, अर्ध्या तासाचें, आणि तेंही दुपारच्या झोपेच्या वेळीं ठेवूं नये.

सलग दोन दिवस कोंडून घेण्यापेक्षां आठवड्यास एक बैठक, अशा पांच बैठका ठेवाव्या. मधल्या सहा दिवसांत शिकलेलें दुकानांत करून पाहावें, फसावें, आणि फसलेलें घेऊन पुढच्या बैठकीस यावें. बाराला सुरू होऊन चाराला संपणारी बैठक असली, तर लहान मूल असलेल्या सुनेसही, घरांत सासूबाई किंवा जाऊबाई असतां, येणें जमतें. मुंबईस तीन दिवस जाणें जमत नाहीं. एकत्र कुटुंबाचा हा उपयोग आपण क्वचितच हिशेबांत धरतों. खर्चाचें म्हणाल तर जागा, वीज, मदतनिसांचें मानधन व चहा. तो चाळीसांत वांटला असतां पुण्यास जाऊन येण्याच्या भाड्याहून फार अधिक पडूं नये.

काल कोणता निवडावा हेंही सोलापुराच्या पंचांगावरच ठरलें पाहिजे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, पुढें लग्नसराई, आषाढींत पंढरपुरची वारी. या दिवसांत फलक व पत्रिका करणाऱ्यांस जेवावयास फुरसत नसते. नारळी पौर्णिमेस मार्कंडेयांचा रथ निघतो, मग गणपति येतातच. आषाढ शुद्ध एकादशीपासून श्रावणी पौर्णिमेपर्यंत मात्र सुमारें पांच आठवडे मोकळे मिळतात. चातुर्मास लागल्यामुळें लग्नें नाहींत, पाऊस असल्यानें उघड्यावरचे समारंभही कमी. मध्येंच १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंती येते, तो आठवडा सोडावा लागेल. म्हणजे पांच बैठकांच्या चार करून एक बैठक दोन दिवसांची ठेवावी. पहिल्या बैठकीस ज्यानें त्यानें घरांतील एक खराब झालेलें छायाचित्र, बिघडलेली एक पत्रिका, आणि जमल्यास चादरीच्या नक्षीचा एखादा जुना चौकट-कागद बरोबर घेऊन यावें.